टवका उडालेली बरणी

बरोबर उत्तरावर लाल रेघ! आणि एक नाही, दोन. पहिली ओढून समाधान झालं नसावं म्हणून तपासणाऱ्याने तिच्यावर दुसरी मारली होती, आणि कागद तिथे जरासा फाटलाही होता. वसुधा पाटणकरने तो पेपर स्टाफरूमच्या खिडकीशी नेऊन पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि तिच्या अंगाचा जो तिळपापड झाला तो संध्याकाळी घरी पोचेपर्यंत शमला नाही.

वसुधा मूळची सांगलीची. नवरा विनायक चंदीगडला सेक्टर तीसमधल्या सरकारी उपकरणांच्या प्रयोगशाळेत, म्हणून ती इथे. आणि इथे आल्यावर क्वार्टरच्या भिंती बघत बसणं जमेना, म्हणून एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली. कृष्णेतल्या मिशाळ माशांवर पीएच.डी. केलेली बाई ती. घरात कोणी मासा खात नाही, अंडं उकडलं तरी पातेलं वेगळं. पण हिने ऐन तरुणपण नदीकाठी कोळ्यांच्या टोपल्यांत हात घालून घालवलेलं. माहेरी म्हणायचे, हिच्यासाठी नाक नसलेला नवरा शोधावा लागणार. विनायकला नाक होतं, फक्त त्याची तक्रार नव्हती.

तर ही लाल रेघ. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचं प्रॅक्टिकल, त्यातलं स्पॉटिंग. ज्याने ते भोगलं नाही त्याला सांगायला हवं. लांबलचक टेबलावर फॉर्मलिनच्या बरण्या मांडतात आणि प्रत्येकीवरच्या नावाच्या चिठ्ठीवर कोरा कागद चिकटवतात. घंटा वाजली की पोरं पुढच्या बरणीसमोर सरकतात. समोर काय आहे ते लिहायचं, कशावरून ओळखलं ते लिहायचं, बरणीला हात लावायचा नाही. सगळी परीक्षा डोळ्यांची.

पण डोळे वापरतो कोण? सीनियर ज्युनियरला होस्टेलच्या गच्चीवर धडे द्यायचे. निळसर काचेची ती कटला. झाकणाला सुतळी गुंडाळलेली ती मरळ. आणि काठाचा टवका उडालेली बरणी म्हणजे सींघाला. झाला अभ्यास! मासा ओळखायचाच नाही, बरणी ओळखायची. अशा बरण्या पाठ करून पोरं पास झाली, मास्तर झाली, हेडमास्तरसुद्धा झाली असतील. वसुधाला हे कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला होता आणि वर्गात तोंडाचा पट्टा सोडला होता. ‘चिठ्ठी पुढे असते आणि मासा तिच्यामागे असतो. मागे जाऊन बघा! मी सांगते म्हणून लिहू नका, बरणी सांगते म्हणून लिहू नका, मासा सांगेल ते लिहा.’

वर्गातल्या एका मुलीने ते मनावर घेतलं. बलजिंदर कौर तिचं नाव. आणि तिच्याच उत्तरावर ही रेघ.

नऊ नंबरचा नग. टवक्याची बरणी. बाकी सगळ्या वर्गाने डोळे मिटून ‘सींघाला’ लिहिलं आणि पूर्ण मार्क घेतले. बलजिंदरने लिहिलं होतं, ‘आओर.’ आणि खाली कारणं. वसुधाला ती कारणं वाचून आधी आनंदच झाला होता, मग रेघ दिसली.

सींघाला आणि आओर हे सख्खे भाऊ म्हणावेत असे मासे. पंजाबातले कोळी दोघांनाही सिंघाडाच म्हणतात, एकाच टोपलीत ठेवतात, खाणाऱ्यालाही फरक पडत नाही. शास्त्राला मात्र पडतो. सींघालाचं तोंड फावड्यासारखं रुंद आणि चपटं, आओरचं निमुळतं, पुढे गोलसर. सींघालाच्या वरच्या जबड्याच्या मिशा पाठीवरच्या पहिल्या पराच्या आसपास संपतात, आओरच्या थेट शेपटीच्या मुळाशी जाऊन टेकतात. आणि शेपटीकडे पाठीवर जो बिनकाट्याचा मांसल पर असतो, तो आओरचा चांगला लांबलचक. बलजिंदरने हेच लिहिलं होतं. मिशा शेपटीपर्यंत, तोंड गोलसर, मांसल पर लांब. यात चूक काढून दाखवा कोणी!

ती चूक काढली होती विभागप्रमुख प्रोफेसर तिलकराज सभरवाल यांनी. बाहेरचे परीक्षक अमृतसरहून यायचे होते, पण त्या दिवशी पंजाब बंद, रस्ते बंद, ते आलेच नाहीत. एकोणीसशे नव्वदचा मार्च होता तो. परीक्षा ठरल्या दिवशी झाली हेच पुष्कळ, अशी स्थिती. सभरवालांनी एकट्यानेच सगळे पेपर तपासले, आणि बलजिंदर प्रॅक्टिकलमध्ये त्या एका नगापायी नापास झाली. वसुधाकडे फक्त मार्कांच्या बेरजा तपासायला आल्या होत्या. बेरीज बरोबर होती, तीच तर पंचाईत.

बरं, नापास झाली तर पुढच्या वर्षी बसेल, असं म्हणायची सोय असती तर एक वेळ समजलं असतं. बलजिंदरचं गाव तरनतारनच्या पुढे, हरिके धरणाच्या बाजूला. तिकडून चंदीगडला येणं म्हणजे दिवसभराची बस आणि वाटेत नाक्यांमागून नाके. बस थांबल्यावरच कळायचं की थांबवणारे पोलीस आहेत की दुसरे कोणी. लोकांना नावं विचारून खाली उतरवलेल्या बसच्या बातम्या सगळ्यांनीच वाचलेल्या होत्या. वडिलांनी तिला गेल्या दिवाळीनंतर होस्टेलमधून घरी नेलं होतं. परीक्षेला धाडलं ते एवढं सांगून, की पास होऊन ये, मग पुढचं बघू. नापास झालीस तर परत या रस्त्याने तुला पाठवणार नाही. त्या बापाला तरी काय म्हणायचं? त्याच्या जागी वसुधा असती तर तिनेही आपल्या मुलीला, लीनाला, पाठवलं नसतं.

म्हणजे ही एक रेघ पुसली नाही तर त्या पोरीचं शिक्षण संपलं. आणि का? तर तिने वसुधाचं ऐकलं म्हणून. सीनियरांचं ऐकून सींघाला लिहिलं असतं तर आज पेढे वाटत असती.

वसुधा तशीच उठून सभरवालांच्या केबिनमध्ये गेली. सभरवाल मूळ लाहोरचे, निवृत्तीला आलेले. उन्हाळ्यातही टाय, पांढरीशुभ्र मिशी, आवाज कधी चढायचा नाही. त्यांच्या खुर्चीमागच्या काचेच्या कपाटात, बरोबर मधल्या फळीवर, ती बरणी परत येऊन बसली होती. फाळणीच्या वेळी सरांनी ती मांडीवर घेऊन आणली, हे कॉलेजातल्या शिपायालाही तोंडपाठ होतं. एरवी तिला कोणी बोट लावत नसे. वर्षातून एकदा, परीक्षेला, सर स्वतः ती टेबलावर ठेवत आणि स्वतः परत नेत.

“सर, नऊ नंबर पुन्हा तपासायला हवा,” वसुधा म्हणाली. कॉलेजात बोलणं हिंदीतच चाले. “तो आओर आहे.”

“मिसेस पाटणकर,” सभरवाल शांतपणे म्हणाले, “वो जार लाहौर से आया है.”

“लाहोरहून आल्याने माशाच्या मिशा वाढत नाहीत, सर.”

“उत्तरतालिकेत सींघाला आहे.”

“उत्तरतालिका कोणी केली?”

“मी.”

“कशावरून?”

“चिठ्ठीवरून.”

“माशावरून का नाही?”

सभरवालांनी पेनाचं टोपण लावलं. “त्या मुलीने बरणी फिरवली असणार. हात लावल्याशिवाय मिशा दिसूच शकत नाहीत. खरं तर मी तिला परीक्षेतूनच उठवायला हवं होतं.”

“तिने हात लावला नाही!” वसुधाचा आवाज आता बाहेरच्या व्हरांड्यात जाऊ लागला. “मी होते तिथे सुपरव्हिजनला. तिने टेबलावर गाल टेकवला आणि मागच्या बाजूने बघितलं. तुम्हाला आजवर एकही विद्यार्थी असा मान वाकडी करून बघताना दिसला नाही, हा तिचा दोष आहे का? कपाटातून काढा ती बरणी, आत्ता बघू या.”

“ती बरणी उघडत नाही,” सभरवाल म्हणाले. आणि मग, तितक्याच शांतपणे, “तुम्ही लोक बदलीवर येता. दोन-चार वर्षं राहता, सामान बांधता, पुण्या-मुंबईला जाता. हमें यहीं रहना है. आमच्याकडे काय जपायचं ते आम्हाला ठरवू द्या.”

नऊ वर्षं झाली होती वसुधाला चंदीगडात! चौऱ्याऐंशीचा कर्फ्यू इथे काढला, लीनाचं सगळं बालपण इथे गेलं, आणि हे म्हणतात तुम्ही बदलीवरचे लोक. तिला एवढा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं याचा आणखी संताप आला. ती दार आपटून बाहेर पडली.

घरी त्या संध्याकाळी भांडीकुंडी बोलत होती. आमटीला फोडणी अशी बसली की शेजारच्या मिसेस ग्रेवाल खोकल्या.

“आई, छोडो ना,” लीना अभ्यासाच्या टेबलावरून म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, बोलताना मात्र हिंदीच. “प्रिन्सिपल को बोल दो.”

“प्रिन्सिपल सभरवालांचेच विद्यार्थी! त्यांनीही तीच बरणी पाठ केलेली असणार. म्हणे सींघाला! अहो, ऐकताय का?”

विनायक ऐकत होता. तो कमी बोलणारा गृहस्थ. “व्हर्नियर हवंय का तुला? मिशा मोजायला? लॅबमधून आणतो.”

“मोजायला कशाला व्हर्नियर? आंधळ्यालाही हाताने कळेल. डोळे उघडायचं इन्स्ट्रुमेंट असेल तुमच्या लॅबमध्ये तर ते आणा!”

विनायकने पोळीचा घास संपवला. “ते बरणी उघडत नाहीत ना? मग तू बरणीबाहेरचा मासा ने. दोन्ही ने. शेजारी शेजारी ठेव.”

वसुधा पोळपाटावर हात ठेवून थांबली. इतका वेळ हे आपल्याला सुचलं नाही, याचाही तिला थोडा राग आला.

सकाळी विनायकच्या स्कूटरवर बसून ती सेक्टर एकवीसच्या मासळी बाजारात पोचली तेव्हा बर्फाच्या पेट्या नुकत्याच फुटत होत्या. सिंघाड्यांचा ढीग होता. विनायक रुमाल नाकाला लावून लांब उभा राहिला आणि वसुधा पदर खोचून ढिगात शिरली. सींघाला लगेच मिळाला, फावड्यासारख्या तोंडाचा. आओरसाठी तिने अख्खी पेटी उपसली. शेवटी एक तळातून निघाला, मिशा बर्फात चिकटलेल्या. विक्रेत्याने तो फळीवर घेतला आणि सवयीप्रमाणे सुरा उचलला. गिऱ्हाइकाला टोचू नयेत म्हणून कल्ल्यांजवळचे काटे तोडायचे, त्याबरोबर मिशाही छाटायच्या, ही तिथली रीत.

“हाथ मत लगाना!” वसुधा एवढ्याने ओरडली की शेजारच्या दोन दुकानांचे सुरे थांबले.

“बीबीजी, काँटा लगेगा,” तो बिचारा म्हणाला.

“लगने दो. मला मिशांसकट हवाय. एक मिशी तुटली तर घेणार नाही.”

विक्रेत्याने विनायककडे पाहिलं. विनायकने मान हलवली. असं काही घरात चालतं, या अर्थाने.

परतताना नाक्यावर सीआरपीएफच्या जवानाने स्कूटर थांबवली. वर्तमानपत्राची लांबट पुरचुंडी बघून त्याचा हात बंदुकीकडे गेला. “क्या है इसमें? खोलो.” वसुधाने रस्त्याच्या कडेला पुरचुंडी उघडली. दोन ओले मासे, एक लांब आणि एक आखूड मिशा पसरून, डोळे वटारून वर बघत होते. “दो सिंघाडे,” जवान म्हणाला आणि हसला. “दोन नाहीत!” वसुधा उसळली. “एक सींघाला, एक आओर. नीट बघा. याची मिशी इथपर्यंत, त्याची तिथपर्यंत. दिसतोय की नाही फरक?” जवानाने खरंच वाकून पाहिलं. “हां जी, दिखता तो है,” तो म्हणाला. “बघा!” वसुधा विनायकला म्हणाली. “यांना दिसतं! नाक्यावरच्या माणसाला दिसतं!”

कॉलेजच्या फाटकापाशी बलजिंदर उभी होती. पायाशी रेक्झिनची बॅग, डोक्यावरून चुन्नी. निकाल तिला आदल्या दिवशीच कळला होता. दुपारची बस पकडायची होती, कारण ती चुकली तर गावात पोचेपर्यंत अंधार पडला असता, आणि अंधारात तिकडे कोणी जात नसे. ती फक्त मॅडमना भेटून जायला थांबली होती. रडून डोळे सुजले होते, पण आता रडत नव्हती.

“चल माझ्याबरोबर,” वसुधा म्हणाली.

सभरवालांच्या टेबलावर काचेखाली नातवंडांचे फोटो होते. त्यावर वसुधाने डिसेक्शनचा पांढरा ट्रे ठेवला आणि दोन्ही मासे शेजारी शेजारी मांडले. खोलीत नदीचा वास पसरला. चिमट्याने तिने एकेक मिशी सरळ केली. सींघालाच्या पराशी संपल्या, आओरच्या शेपटीला टेकल्या.

“हा सींघाला. हा आओर. आता तुमच्या कपाटातला यांच्या शेजारी ठेवा आणि मला सांगा, तो कोणाचा भाऊ.”

सभरवालांनी ट्रेकडे पाहिलं. कपाटाकडे वळून त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून मार्कांचा तक्ता काढला.

“ग्रेस देतो,” ते म्हणाले. “बंदमुळे विद्यार्थ्यांना त्रास झाला, असं कारण देता येईल. मुलगी पास होईल. बरणीचा विषय इथे संपला. ठीक?”

वसुधाच्या छातीवरचं ओझं उतरलं, हे खोटं कशाला बोला. पोर पास होत होती. तिच्यापुढे एका बरणीचं काय एवढं? ती ‘ठीक’ म्हणणारच होती.

“नहीं, सर,” बलजिंदर म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. ती दाराशी उभी होती, बॅग अजून हातातच.

“ग्रेस नापासाला देतात, सर. मी नापास नाही. मैंने ठीक लिखा था.” तिने बॅग खाली ठेवली. “घरी गेल्यावर बापू विचारतील, पास कशी झालीस. मी काय सांगू? दया आली म्हणून? बसमध्ये नाक्यानाक्यावर मला कोणीतरी विचारतं, तू कोण, कुठली, कशाला चाललीस. मी प्रत्येक वेळी खरं सांगते. इथेही खरंच लिहिलं. तुम्ही बरणी उघडा. मासा सींघाला निघाला तर मी नापास, आत्ता घरी जाते.”

वसुधाला स्वतःच्या ‘ठीक’ची लाज वाटली. इतका वेळ आपण या पोरीसाठी भांडतोय असा तिचा समज होता. पोरीचं भांडण पोरीलाच नीट माहीत होतं.

सभरवाल उठले. त्यांनी कपाट उघडलं, दोन्ही हातांनी बरणी उचलून टेबलावर ठेवली. झाकणाभोवतीचं मेण इतकं जुनं की दगडासारखं झालेलं. त्यांनी ब्लेडने ते कापायला सुरुवात केली. कोणाला मदत करू दिली नाही. झाकण निघालं, फॉर्मलिनचा वास नाकात झोंबला. त्यांनी चिमट्याने मासा अलगद वर काढला आणि त्या दोन माशांच्या मध्ये ठेवला. मागच्या काचेला चिकटून बसलेल्या मिशा त्यांनी स्वतः सोडवल्या, सरळ केल्या.

त्या शेपटीला टेकल्या.

“आओर,” सभरवाल म्हणाले. आणि मग खाली बघत, “मला माहीत होतं.”

“काय?” वसुधाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

“सत्तेचाळीसपासून माहीत आहे.” ते खुर्चीत बसले. “कुरेशीसाहेब माझे गुरू. लाहोरला. हे दोन मासे आम्ही दोघांनी रावीतून काढले होते, दोन बरण्या केल्या, चिठ्ठ्या त्यांनी लिहिल्या. मी निघालो तेव्हा ते म्हणाले, तू घेऊन जा, मी काय, इथेच आहे. ट्रकमध्ये आओरची बरणी फुटली, तो मी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला; सींघालाच्या बरणीचा टवका उडाला आणि फॉर्मलिन गळालं. अमृतसरच्या कॅम्पात मी बघितलं तर सींघालाची शेपूट कुजून गेली होती. एका बरणीत एकच मावत होता. मी चांगला होता तो ठेवला. बरणीवर चिठ्ठी मात्र दुसऱ्याची. वाटलं, बदलू नंतर. मग खबर आली, कुरेशीसाहेब गेले. त्यांचं एवढंच अक्षर माझ्यापाशी राहिलं.” त्यांनी टवक्याच्या काठावरून बोट फिरवलं. “मी ठरवलं होतं, ज्या दिवशी कोणी विद्यार्थी नीट बघून आओर लिहील, त्या दिवशी चिठ्ठी बदलायची. कोणी लिहिलंच नाही. एवढी वर्षं, एकानेही नाही.”

त्या जुन्या अक्षराबद्दल वसुधाला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण ते वाईट वाटणं बाजूला सारून तिचा राग जो उसळला तो आधीच्या सगळ्या रागांहून मोठा होता.

“लिहिलं ना, सर!” ती म्हणाली. “एकीने लिहिलं! एवढी वर्षं तुम्ही जिची वाट बघत होता ती आली, तिने टेबलावर गाल टेकवून बघितलं, कारणांसकट लिहिलं. आणि तुम्ही काय केलंत? लाल पेन उचललंत. एक रेघ पुरली नाही म्हणून दुसरी मारलीत. कागद फाटला हो! तुमच्या गुरूंनी तुम्हाला मासे बघायला शिकवलं की चिठ्ठ्या जपायला? त्यांचं अक्षर तुम्ही जपा, जन्मभर जपा, घरी देव्हाऱ्यात ठेवा. पण त्याची किंमत या पोरीने का मोजायची?”

सभरवालांनी बलजिंदरचा पेपर समोर ओढला, दोन्ही रेघांवर काट मारली, शेजारी पूर्ण मार्क लिहिले आणि सही केली. ग्रेसचा शब्दही त्यात नव्हता. मग ते बलजिंदरला म्हणाले, “मैंने देखा था तुम्हें. मान वाकडी करून बघताना. माझा हात थांबायला हवा होता. नहीं रुका.”

“जी,” बलजिंदर म्हणाली. ‘कोई बात नहीं’ ती म्हणाली नाही. वसुधाला तिचा त्याबद्दल अभिमान वाटला.

सुधारलेल्या निकालाचा कागद ऑफिसातून मिळायला नेहमी आठवडा जायचा. त्या दिवशी सभरवाल स्वतः टाय सैल करून खिडकीसमोर उभे राहिले, शिक्का मारून घेतला आणि फाटकापर्यंत चालत आले. विनायक तिथे स्कूटर घेऊन थांबलाच होता. बलजिंदरची बस सुटायच्या आत ती बसस्टँडवर पोचली. चार दिवसांनी तिचा फोन आला, ती सुखरूप पोचली होती आणि बापूंनी गावात लाडू वाटले होते. जुलैमध्ये बाप तिला एम.एस्सी.साठी परत घेऊन आला. येताना त्याने मॅडमसाठी डालडाच्या डब्यातून घरचं तूप आणलं.

बरणीवर आता नवी चिठ्ठी आहे, बलजिंदरच्या अक्षरात. जुनी सभरवालांनी वाफेवर धरून अखंड सोडवली आणि खिशात घातली. पुढे ती कुठे गेली ते वसुधाने विचारलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या वर्षी प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी वसुधा व्हरांड्यातून जात होती आणि पायऱ्यांवर पोरं बसली होती. एक जण बाकीच्यांकडून घोकून घेत होता. “निळसर काच?” “कटला!” “सुतळीवाली?” “मरळ!” “टवका उडालेली?” “आओर!” एका सुरात, अगदी मन लावून.

वसुधाचं डोकं फिरलं. एवढं रामायण झालं, आणि हे शिकले काय, तर बरणीचं नाव बदललं! तिने तिथल्या तिथे त्यांची हजेरी घेतली, “अरे मासा बघा रे, मासा!” म्हणून दोन वेळा ओरडली, पोरांनी “येस मॅम, येस मॅम” केलं, आणि ती तणतणत सभरवालांच्या केबिनकडे निघाली. आज त्यांना चांगलं सुनवायचं, म्हणून दार न ठोठावताच उघडलं.

टवक्याच्या बरणीचं झाकण बाजूला होतं. आओर ट्रेमध्ये काढून ठेवलेला. आणि गेल्या वर्षी तिने सेक्टर एकवीसमधून आणलेला, तेव्हापासून फॉर्मलिनमध्ये ठेवलेला तो फावड्या तोंडाचा सींघाला चिमट्यात धरून सभरवाल त्या बरणीत उतरवत होते, मिशा मागच्या बाजूला जातील अशा बेताने.

त्यांनी मान वर केली नाही. “मिसेस पाटणकर,” ते म्हणाले, “दरवाजा बंद कर दीजिए. बाहर बच्चे हैं.”

वसुधाने दार लावलं, पदर खोचला आणि दुसरा चिमटा उचलला.